दृष्टीआड सृष्टी

‘सहवास’ हा विषय यंदाच्या अंकासाठी मुक्रर झाल्याचे संपादकांचे पत्र आले, त्या वेळी मी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, टॅम्पा शहराच्या सीमेवरील एका मराठी कुटुंबात उतरलो होतो. घरात नवरा-बायको, त्यांची बारा वर्षांची मुलगी, सांगलीहून काही महिन्यांसाठी आलेल्या आजी, दोन मांजरे आणि एक शॅमेलिअन असा परिवार होता. आपल्या माळरानांवर आणि बोरी-बाभळीच्या झाडीत क्वचित दृष्टीस पडणाऱ्या घोयरा सरड्याचाच हा भाऊबंद; मूळचा येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबिया येथील डोंगराळ मुलुखाचा, डोक्यावर उंच तुरा मिरवणारा, अंगावर हिरवे-पिवळे पट्टे असलेला, आणि तिकडच्या हौशी मंडळींत ‘व्हेल्ड’ या नावाने ओळखला जाणारा. मुलीने त्याचे नाव पाचू ठेवले होते. मांजरांपैकी थोरली मनी, आणि धाकटा तांबूस बोका शेरू.

मुक्कामाच्या आरंभी पाचू मला दिसलाच नाही, आणि मांजरांना तर असा कोणी प्राणी त्या घरात आहे याची वार्ताही नसावी असे त्यांचे वर्तन होते. पुढे त्या घराची व्यवस्था मी बारकाईने पाहिली, तेथील एका पशुवैद्य बाईंची भेट घेतली, आणि त्यानंतर माझे जे मत बनले ते आरंभीच सांगून टाकतो. मांजर आणि शॅमेलिअन यांची ‘ओळख करून देणे’, त्यांना एकमेकांची ‘सवय लावणे’ आणि एका कोचावर शेजारीशेजारी बसवून त्यांचे छायाचित्र काढणे, हा जो प्रकार हौसेपोटी अनेक घरांत चालतो तो त्या मुक्या प्राण्यावर अन्याय करणारा आहे. कारण छायाचित्रात जो शांत दिसतो तो शॅमेलिअन बहुधा भीतीने थिजलेला असतो. या दोघांना एका छपराखाली ठेवायचेच असेल तर त्यांना परस्परांच्या अस्तित्वाचा विसर पडेल अशी तजवीज करणे, एवढाच सहवासाचा प्रामाणिक मार्ग आहे.

बोळाच्या टोकाची खोली

घराच्या मधल्या बोळाच्या टोकाला जी लहानशी खोली पूर्वी पाहुण्यांसाठी होती, ती आता सर्वस्वी पाचूच्या ताब्यात आहे. दाराची मूठ गोल आहे. तेथील पुष्कळ घरांत आडव्या दांड्याच्या मुठी असतात, आणि उडी मारून त्या दांड्याला लोंबकळले की दार उघडते हे ज्ञान शेरूला उपजतच असावे, म्हणून ती मूठ मुद्दाम बदलून घेतलेली. आत शिरताच समोरच्या भिंतीशी एक उंच जाळीदार पिंजरा दिसतो. लांबी-रुंदी प्रत्येकी दोन फूट, उंची चार फूट, आणि तोही जमिनीवर नसून अडीच फुटांच्या भक्कम चौरंगावर ठेवलेला. शॅमेलिअन हा झाडाच्या शेंड्याकडे राहणारा प्राणी असल्यामुळे जे जे त्याच्याहून उंचावर ते ते त्याला धोक्याचे वाटते. म्हणून त्याची बसण्याची फांदी माणसाच्या डोळ्यांच्या वर असावी, हा या विद्येतील पहिला नियम.

तो पिंजरा मला दाखवताना आजी म्हणाल्या, “अहो, हे तर आमचं दुभत्याचं कपाट! सांगलीच्या घरात अगदी अस्संच होतं. आत दूध-लोणी, बाहेर जाळी आणि जाळीबाहेर बोका.” मला हे साम्य फार मार्मिक वाटले, कारण मांजराच्या स्वभावाचा अभ्यास आपल्या आज्या-पणज्यांनी शिंके आणि जाळीचे कपाट यांच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या करून ठेवलेला आहे. फरक इतकाच की, दुधाला मांजराची भीती वाटत नाही.

जाळी ॲल्युमिनियमची आहे. काचतंतूंची मऊ जाळी स्वस्त मिळते, पण मांजराच्या नखांपुढे ती टिकत नाही. आणि ॲल्युमिनियमची जाळी टिकली तरी तिच्या छिद्रांतून नख आत जाऊ शकते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पाचूला जाळीला चिकटून चढण्याची सवय. त्याच्या पायाची बोटे दोन आणि तीन अशा गटांत चिमट्यासारखी जुळलेली असतात आणि ती जाळीत घट्ट रुततात. अशा वेळी बाहेरून एखादा पंजा बसला तर पिंजरा शाबूत राहूनही आतला प्राणी जखमी होतो. यासाठी पिंजऱ्याच्या तीन बाजूंना आतून अपारदर्शक पत्रे बसवलेले आहेत आणि फांद्यांची मांडणी अशी आहे की, पाचूने दिवसाचा बहुतेक काळ मध्यभागीच घालवावा. चौरंग आणि पिंजरा दोन्ही लोखंडी कोनपट्ट्यांनी भिंतीतील लाकडी खांबांना आवळलेले; चार-पाच किलोंचा बोका धावत येऊन पिंजऱ्याच्या वरच्या अंगावर झेपावला तर हलका पिंजरा सहज कलंडतो. पिंजऱ्याच्या दाराला मूळची सरकती कडी आहेच, शिवाय गिर्यारोहक वापरतात तसली एक स्प्रिंगची कडी अडकवलेली आहे.

खरे आकर्षण मात्र दिव्यांचे. शॅमेलिअनला दोन प्रकारचा प्रकाश लागतो: एक उबेचा, ज्याखाली बसून तो सकाळी अंग तापवतो आणि जेथील उष्णता 30 अंश सेल्सिअसच्या आसपास असावी लागते, दुसरा अतिनील किरणांचा, ज्यावाचून त्याच्या शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम हाडांत जिरत नाही आणि काही महिन्यांत हातपाय वाकडे होऊ लागतात. खिडकीतून येणारे ऊन या कामी निरुपयोगी, कारण काच हे किरण अडवते. म्हणून पिंजऱ्याच्या माथ्यावर दिवसाचे बारा तास दिवे जळतात, आणि ऊब हा मांजराचा परमानंद असल्याने तो माथा हे त्याचे सिंहासन होऊ पाहते. त्यातून मांजर भाजण्याचा, दिवा घसरून आग लागण्याचा, आणि खाली बसलेल्या पाचूला आपल्या डोक्यावर साक्षात काळ बसला आहे असे वाटण्याचा, तिन्ही धोके एकदम उद्भवतात. गृहस्वामींनी दिवे छतापासून साखळीने टांगले आहेत आणि उबेच्या दिव्याला तारेचा पिंजरा घातला आहे. बारीक जाळीचा दुसरा पडदा वर लावण्याचा विचार त्यांच्या मनात आला होता, परंतु जाळी जितकी बारीक तितके अतिनील किरण कमी पोहोचतात, हे कळल्यावर त्यांनी तो सोडून दिला. त्याऐवजी खोलीतील टेबल आणि पुस्तकांची मांडणी हलवून, जेथून उडी मारता येईल असे एकही ठिकाण पिंजऱ्याच्या आसपास राहू दिले नाही. विजेच्या तारा नळीतून नेलेल्या आणि नळी भिंतीला ठोकलेली.

नजरेचा धाक

हा सारा बंदोबस्त पंजाविरुद्ध झाला. नजरेविरुद्धचा बंदोबस्त हा वेगळा मामला आहे.

शॅमेलिअनचे डोळे ही निसर्गाची अद्भुत करामत होय. शंकूसारख्या पापण्यांत बसवलेले ते दोन डोळे स्वतंत्रपणे फिरतात. एक पुढे किडा शोधतो तेव्हा दुसरा मागे शत्रूची चाहूल घेत असतो. त्याला बाहेरचा कान नाही, श्रवण मंद, पळण्याचा वेग तर नगण्य. जिभेची फेक तेवढी विजेसारखी, देहाच्या लांबीच्या दीडपट-दुप्पट अंतरावरील भक्ष्य टिपणारी. पण जीभ हे भक्षणाचे साधन आहे, रक्षणाचे नाही. ज्याला पळता येत नाही त्याचे सारे संरक्षण ‘आपण दिसू नये’ यावर अवलंबून असते, आणि म्हणून कोणी आपल्याकडे टक लावून पाहत आहे ही जाणीव त्याला अन्य कोणत्याही प्राण्यापेक्षा अधिक जाचत असली पाहिजे. उलट मांजराची शिकारीची रीतच मुळी दबा धरून तासन्‌तास टक लावून पाहण्याची!

पाचू या घरात प्रथम आला तेव्हा त्याचा पिंजरा दिवाणखान्यात होता. गृहस्वामिनी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतात, त्यामुळे नोंदी ठेवण्याची शिस्त त्यांच्या अंगी आहे. आपली वही उघडून त्या मला सांगू लागल्या, “काका, मांजरांनी त्याला नखसुद्धा लावलं नव्हतं. मनी फक्त समोरच्या खुर्चीवर बसायची आणि बघायची. आम्हाला वाटलं, किती शहाणी आहे! पण हे बघा, या आठवड्यात तो रोज दहा किडे खायचा, पुढच्यात सहा, मग तीन. अंग काळपट. दुपारी डोळे मिटून बसायला लागला.”

दिवसा डोळे मिटणे हे शॅमेलिअनच्या बाबतीत झोपेचे चिन्ह नव्हे. तो दिवसाचा प्राणी आहे, आणि उजेडात त्याचे डोळे मिटलेले दिसले की काहीतरी गंभीर बिनसले असे समजावे. रंगाबद्दलही आपल्याकडे एक भ्रम रूढ आहे. सरडा पार्श्वभूमीप्रमाणे रंग पालटतो असे आपण मानतो. वस्तुतः शॅमेलिअनचा रंग मुख्यत्वे त्याची मनःस्थिती आणि देहाचे तापमान सांगतो. त्याच्या त्वचेतील काही पेशींत ग्वानिन या द्रव्याचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात, आणि त्यांच्यामधील अंतर कमीजास्त झाले की परावर्तित होणारा रंग बदलतो, असे जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी 2015 साली मादागास्करच्या ‘पँथर’ जातीवर प्रयोग करून दाखवले. तेव्हा पाचूचे काळवंडणे ही त्याने आपल्या परीने दिलेली लेखी कैफियतच होती, आणि ती वाचणारा माणूस घरात होता हे त्याचे भाग्य. पिंजरा बोळाच्या टोकाच्या खोलीत हलवला, दार बंद झाले, आणि त्या वहीतील आकडे हळूहळू पूर्ववत झाले.

भय दीर्घकाळ टिकले तर सरपटणाऱ्या प्राण्याची रोगप्रतिकारशक्ती खचते, भूक मरते आणि पोटातील एरवी निरुपद्रवी जंतू डोके वर काढतात. मांजराने स्पर्शही न करता शॅमेलिअन दगावू शकतो, तो या वाटेने.

संध्याकाळचा शिरस्ता

त्या घरातील सर्वांत दक्षतेची वेळ दिवेलागणीची. मांजर हा पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वाधिक चपळ होणारा प्राणी, आणि शॅमेलिअन दिवस मावळताच फांदीच्या टोकाशी शेपटीचे वेटोळे करून झोपी जाणारा. म्हणजे एकाचे शौर्य जेव्हा उसळते तेव्हाच दुसरा निःशस्त्र होतो. संध्याकाळी सात वाजता पाचूचे दिवे आपोआप विझतात, त्याच्या आधीच मुलगी दोन्ही मांजरांना पिसांच्या काठीने मनसोक्त खेळवते, मग त्यांना जेवण देते. पोट भरलेले आणि दमलेले मांजर बोळाकडे फिरकत नाही. ही गोष्ट मला कड्या-कुलपांइतकीच महत्त्वाची वाटली. दुसऱ्या टोकाच्या खिडकीत मांजरांसाठी उंच बैठक केली आहे आणि बाहेर पक्ष्यांना दाणे टाकले जातात, त्यामुळे त्यांच्या कुतूहलाला तेथे मोकळे कुरण मिळते.

पाचूला भरवण्याचे काम सकाळचे. त्याचे मुख्य अन्न म्हणजे रातकिडे आणि एका जातीची संथ झुरळे. त्यांना आधी पालेभाज्या चारून पुष्ट करायचे, मग कॅल्शियमची पूड लावून द्यायचे. रातकिड्यांची पेटी मोटारखान्यात ठेवलेली आहे, आणि त्यामागे कारण आहे. माणसाच्या कानाची धाव सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांपर्यंत, मांजराची 60,000 च्या पलीकडे. बंद दाराआड एक रातकिडा किरकिरला तरी मांजराला तो बोलावणे पाठवल्यासारखा ऐकू जातो. म्हणून किडे पिंजऱ्यात मोकळे सोडले जात नाहीत. गुळगुळीत कडांच्या एका पेल्यात ठेवून तो पेला फांदीजवळ टांगला जातो, आणि उरलेले किडे लगेच परत नेले जातात.

अशाच एका भरवण्याच्या वेळी मी मुलीबरोबर आत गेलो होतो. प्रथम तिने दोन्ही मांजरे कोठे आहेत याची रुजुवात करून घेतली: मनी खिडकीत, शेरू आजींच्या मांडीवर. आजी बाहेरून म्हणाल्या, “आहे गं माझ्याकडं, जा तू.” मग हात साबणाने धुतले, कारण मांजराचा वास आणि लाळ हातावर घेऊन आत जायचे नाही असा नियम, मांजरांच्या मानेवर पिसवांचे औषध लावलेले असेल त्या दिवशी तर पिंजऱ्याचे काम मुलीऐवजी तिच्या वडिलांकडे जाते. आत गेल्यावर खोलीचे दार पूर्ण लावल्याशिवाय पिंजऱ्याचे दार उघडायचे नाही, आणि बाहेर पडताना हाच क्रम उलट. पाचू फांदीवर पुढे आला, वाऱ्याने पान हलावे तसा मागे-पुढे डुलला, दोन्ही डोळे एका किड्यावर स्थिरावले, तोंड किंचित उघडून जिभेचे जाड टोक ओठांशी आले, आणि पुढचे काही मला दिसले नाही. किडा मात्र पेल्यात नव्हता. वरून पाण्याचे तुषार उडवणारे यंत्र सुरू झाले तेव्हा तो पानांवरचे थेंब चाटू लागला. वाटीतले साचलेले पाणी त्याला बहुधा पाणी म्हणून कळतच नाही.

बाहेर आल्यावर पुन्हा हात धुणे. या वेळी कारण माणसाचे आहे: सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात, आणि पाच वर्षांखालील मुलांना व वृद्धांना त्यांपासून विशेष धोका असतो. आजी घरात असल्यामुळे पिंजऱ्यातील कोणतीही वस्तू स्वयंपाकघराच्या मोरीत धुण्यास सक्त मज्जाव आहे.

कुंड्या

पिंजऱ्यात सजीव झाडे हवीतच. आडोसा, ओलावा आणि पाणी पिण्यासाठी पाने, तिन्ही त्यांतून मिळते. तिकडे शॅमेलिअनसाठी सर्रास वापरतात ती दोन झाडे म्हणजे आपला मनीप्लांट आणि छत्रीसारख्या पानांचा शेफलेरा. पाचूने त्यांची पाने कुरतडली तरी त्याला सहसा बाधा होत नाही. परंतु दोहोंच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि मांजराने पान चावले तर तोंडाची आग, लाळ गळणे, ओकाऱ्या असा त्रास होतो. छाटलेल्या वेलीचा तुकडा दिवाणखान्यात पडला तरी पुरे. या घरात म्हणून जास्वंद आणि अरेका पाम लावले आहेत. जास्वंदीची फुले पाचू आवडीने खातो, आणि गणेशचतुर्थीला त्यातलीच दोन देव्हाऱ्यात जातात.

दाताची जखम

पशुवैद्य बाईंचा दवाखाना केवळ पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्यासाठी आहे. त्या बोलण्यात अत्यंत स्पष्ट. मांजराने चावलेला सरडा घेऊन येणारे लोक बहुधा दोन-तीन दिवस उशिरा येतात, असे त्यांनी सांगितले. कारण जखम टाचणी टोचल्याइतकी असते, रक्त दिसत नाही, आणि प्राणी फांदीवर नेहमीसारखा बसलेला असतो. मांजराचे दात सुईसारखे असल्याने जंतू खोल जातात आणि वरची त्वचा मिटून घेते. त्या लाळेत पाश्चुरेला नावाचे जंतू सामान्यतः असतातच. त्यात शॅमेलिअनची फुप्फुसे पिशव्यांसारख्या फाट्यांनी पोटाच्या पोकळीत दूरवर पसरलेली. त्यामुळे बरगडीखाली बसलेला दात फुप्फुसापर्यंत पोहोचू शकतो.

मांजराच्या तोंडातून सुटलेल्या शॅमेलिअनचे काय करावे, याचे त्यांचे उत्तर असे: जखम शोधत बसू नये, तोंडात पाणी ओतू नये, मलम चोपडू नये. हवा जाईल अशा अंधाऱ्या खोक्यात मऊ कापडावर ठेवावे, फार थंडी लागू देऊ नये, आणि त्याच दिवशी, शक्य तर काही तासांतच, सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या वैद्याकडे न्यावे. तेथे क्ष-किरण चित्र काढतात आणि प्रतिजैविकाची इंजेक्शने सुरू करतात. या प्राण्यांचा देह बाहेरच्या उष्णतेवर चालत असल्यामुळे औषधही त्या गतीनेच चालते; काही इंजेक्शने तीन-तीन दिवसांच्या अंतराने द्यावी लागतात, आणि पिंजऱ्यातील ऊब योग्य नसेल तर उत्तम औषधही फुकट जाते. “माझं मांजर तसं नाही,” हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकले आहे की आता त्या त्यावर काही बोलत नाहीत, थेट औषधाच्या कपाटाकडे वळतात.

कुंपणाबाहेरचे घोयरे

फ्लोरिडात या विषयाला आणखी एक अंग आहे. पाळलेल्या जनावरांपैकी सुटलेल्या, आणि काही ठिकाणी जाणूनबुजून सोडलेल्या, शॅमेलिअनची प्रजा तेथे रानात वाढू लागली आहे. टॅम्पाच्या दक्षिणेस फोर्ट मायर्सजवळ ‘व्हेल्ड’ जातीची वस्ती 2002 च्या सुमारास नोंदली गेली. झोपेत त्यांचा रंग फिका पडतो आणि विजेरीच्या झोतात ते पानांत उजळून दिसतात, म्हणून हौशी लोक रात्री त्यांना शोधत हिंडतात. हवाई बेटांवर आफ्रिकेतील तीन शिंगांचा ‘जॅक्सन’ 1972 मध्ये असाच पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून पसरला. म्हणून पाळणाऱ्याची जबाबदारी दुहेरी आहे: प्राण्याला घरापासून जपायचे, आणि मुलुखाला त्या प्राण्यापासून. त्या कुटुंबाची मांजरेही अंगणात सोडली जात नाहीत. तेथील आवारांत क्यूबा आणि बहामा बेटांकडून आलेले तपकिरी सरडे सर्वत्र आहेत, आणि असे सरडे खाल्ल्याने मांजराच्या पित्तनलिकेत एका जातीची यकृतकृमी वाढून जिवावर बेतू शकते. सरड्याला मांजरापासून वाचवताना मांजरही सरड्यापासून वाचते.

आपल्याकडील वाचकांपैकी कोणास हे वाचून घोयरा पाळण्याची इच्छा झाली, तर तिला येथेच आवर घातला पाहिजे. भारतात रानात आढळणारी शॅमेलिअनची एकमेव जात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, आणि तिला पकडणे वा घरात ठेवणे हा गुन्हा होय. परदेशी जातींबाबतही 2022 च्या दुरुस्तीनंतर नोंदणीवाचून बाळगण्याची मुभा नाही. शिवाय आपल्या बहुतेक घरांत मांजर हे दारे-खिडक्यांतून मोकळे ये-जा करणारे. जेथे मांजराला मुळी दारच नाही तेथे बोळाच्या टोकाची खोली कशी राखणार? रस्ता ओलांडणारा घोयरा दिसला तर वाहन थांबवून त्याला पलीकडच्या झाडीपर्यंत जाऊ द्यावे. आपल्याकडून त्याची तेवढीच अपेक्षा आहे.

टॅम्पाच्या त्या घरात जून ते नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम, आणि त्याची तयारी मे महिन्यातच होते. वीज गेली तर पाचू काही दिवस दिव्यांवाचून निभावून नेऊ शकतो, पण घर सोडण्याचा हुकूम निघाला तर काय, याचा विचार करून एक लहान जाळीची पेटी, आत आडवी काठी, वर गडद कापडाची खोळ, अशी सिद्धता कपाटात असते. मांजरांच्या दोन पेट्या वेगळ्या. घरात गाड्या दोन आहेत. मनी आणि शेरू वडिलांच्या गाडीत आणि पाचू आईच्या, ही वाटणी कागदावर लिहून फ्रिजच्या दाराला लावलेली मी पाहिली, आणि आजींनी आपण पाचूबरोबर बसणार असे त्याखाली स्वतःच्या हाताने लिहिले होते.